दोन विंडोत दोघांचं लॉगिन केलं, मग एकाची माहिती दुसऱ्याच्या अर्जात कशी गेली?

ॲडमिशन आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत अकोल्याच्या जुने शहर भागातल्या एखाद्या सेवा केंद्रावर जाऊन बघा. कॉम्प्युटर एक, खुर्चीवर बसलेला भाऊ एक आणि समोर फायली घेऊन उभे असलेले दहा-बारा जण. साइट स्लो आहे, ओटीपी येत नाहीये, कुणाचा उत्पन्नाचा दाखला स्कॅन व्हायचाय. मग तो भाऊ काय करतो? एकाचा ओटीपी येईपर्यंत दुसरी विंडो उघडतो आणि पुढच्याचं लॉगिन करून टाकतो. रांग संपवायची तर दुसरं करणार तरी काय!

आणि मग कधीतरी मागून आवाज येतो, "भाऊ, हे तं माह्या पोराचं नाव नाही."

असं झालं की आपण म्हणतो साइट गंडलीये, सर्व्हर डाऊन आहे, नाहीतर त्या भाऊचंच लक्ष नव्हतं. बऱ्याचदा यातलं काहीच झालेलं नसतं. ब्राउझर त्याच्या नियमाप्रमाणेच वागलेला असतो. तो नियम आपल्याला कुणी सांगितलेला नसतो, एवढंच. नियम असा, की ब्राउझरसाठी विंडो म्हणजे माणूस नाही.

आधी सेशन म्हणजे काय ते बघू

वेबसाइटची स्मरणशक्ती शून्य असते. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात, तिच्यात प्रत्येक क्लिक ही नवीन भेट असते. तुम्ही लॉगिन केलंत आणि पुढच्या सेकंदाला "माझे अर्ज" वर क्लिक केलंत, तरी आत्ताच पासवर्ड टाकून गेलेली व्यक्ती हीच, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही.

यावर तोडगा काढला लू माँटुली या इंजिनियरने, 1994 साली, नेटस्केप कंपनीत. त्याचं नाव कुकी. सर्व्हर तुम्हाला एक चिठ्ठी देतो, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्या साइटवरच्या पुढच्या प्रत्येक क्लिकसोबत ती आपोआप परत पाठवतो.

शेगावला दर्शनाला गेलेल्यांना हे लगेच समजेल. चप्पल स्टँडवर चपला दिल्या की हातात नंबरचा बिल्ला येतो. परत आल्यावर सेवेकरी तुमचं तोंड बघत नाही, नाव विचारत नाही. बिल्ला बघतो आणि त्या नंबरच्या चपला काढून देतो. लॉगिनचंही तसंच. पासवर्ड आणि ओटीपी फक्त बिल्ला मिळेपर्यंत कामाचे. त्यानंतर सर्व्हर ओळखतो तो बिल्ल्याला. हा बिल्ला चालू असेपर्यंतचा काळ म्हणजे सेशन.

मग गडबड नेमकी कुठे होते?

ब्राउझरकडे एका साइटचा लॉगिनचा बिल्ला ठेवायला खिसा एकच असतो. त्याच नावाची नवी कुकी आली की जुनी निघून जाते. तुम्ही टॅब दहा उघडा, विंडो पाच उघडा, त्या सगळ्यांचा खिसा एकच.

आता सेवा केंद्रावरचं उदाहरण टप्प्याटप्प्याने घेऊ. समजा पहिल्या विंडोत बीएस्सीच्या एका मुलीचं लॉगिन केलं. तिचा बिल्ला खिशात आला. अर्ज अर्धा भरला आणि तिचे वडील दाखल्याची झेरॉक्स आणायला गेले. तेवढ्यात दुसऱ्या विंडोत पॉलिटेक्निकच्या एका मुलाचं लॉगिन केलं. त्याचा बिल्ला आला आणि मुलीचा बिल्ला खिशातून गेला.

पण पहिली विंडो अजून तशीच दिसतेय. वर मुलीचं नाव आहे, खाली तिने सांगितलेली माहिती आहे. कारण ते पान आधीच येऊन पडलेलं आहे. ते एक प्रकारे काढून ठेवलेला फोटो आहे, खिशातला बिल्ला बदलला म्हणून फोटो बदलत नाही. वडील दाखला घेऊन येतात, भाऊ त्याच विंडोत दाखला अपलोड करतो आणि "सेव्ह" दाबतो. माहिती जाते मुलीची, सोबत बिल्ला जातो मुलाचा. सर्व्हर बिल्ला बघतो.

म्हणजे स्क्रीनवर दिसणारं नाव जुनं असू शकतं, पण सर्व्हरकडे जाणारी ओळख नेहमी ताजी असते. सगळा घोळ या दोघांमधल्या फरकाचा आहे.

पुढे काय होईल ते पोर्टल कसं बांधलंय त्यावर ठरतं. चांगलं बांधलेलं पोर्टल अशी विनंती नाकारतं आणि "सेशन एक्सपायर्ड" म्हणून लॉगिनच्या पानावर फेकून देतं. ढिसाळ बांधलेलं पोर्टल मुलीचा उत्पन्नाचा दाखला मुलाच्या अर्जात जोडून मोकळं होतं. मग कॉलेजमध्ये छाननी करणाऱ्या क्लार्कला नाव एकाचं आणि दाखला दुसऱ्याचा दिसतो, अर्ज परत येतो आणि तोवर मुदत संपत आलेली असते. ज्या घरात फी या शिष्यवृत्तीच्या भरवशावर आहे, तिथे ही किरकोळ तांत्रिक चूक राहत नाही.

आणखी एक गंमत. आता पहिल्या विंडोत "लॉगआऊट" दाबलं तर कोण बाहेर पडेल? मुलगा! कारण खिशात बिल्ला त्याचा आहे. मुलीचं सेशन मात्र सर्व्हरवर तसंच पडून राहतं, आपोआप वेळ संपेपर्यंत. बिल्ला हरवला तरी चपला स्टँडवर असतातच, तसं.

पण पूर्वी तर नवीन विंडोत नवीन लॉगिन चालायचं!

हे बरेच जुने सायबर कॅफेवाले सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. इंटरनेट एक्सप्लोरर 6 च्या काळात डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर पुन्हा डबल क्लिक करून उघडलेली विंडो वेगळा प्रोग्राम म्हणून चालायची आणि तिचा तात्पुरत्या कुकीचा खिसा वेगळा असायचा. त्यामुळे दोन विंडोत दोन लॉगिन आरामात व्हायची. 2009 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 8 आलं आणि सगळ्या विंडोंचा खिसा एक झाला. वेगळा हवा असेल तर फाइल मेनूत "न्यू सेशन" असा पर्याय दिला होता. क्रोममध्ये तर साध्या विंडोंचा खिसा पहिल्यापासून एकच.

ब्राउझर बदलला, हाताची सवय तीच राहिली. आजची निम्मी गडबड या जुन्या सवयीतून येते असं माझं मत आहे.

सेवा केंद्राचं लॉगिन एकच असेल तर?

इथे प्रकार जरा वेगळा होतो. कित्येक सेवांमध्ये नागरिकाचं लॉगिन लागतच नाही. केंद्रचालक स्वतःच्या आयडीने आत जातो आणि त्याच लॉगिनवरून दिवसभर वेगवेगळ्या लोकांचे अर्ज भरतो. म्हणजे बिल्ला बदलण्याचा प्रश्न नाही. तरीही दोन टॅबमधले दोन अर्ज एकमेकांत मिसळू शकतात. कसे?

काही पोर्टलं "सध्या कोणता अर्ज भरला जातोय" ही नोंद सर्व्हरवरच्या सेशनमध्ये ठेवतात. पहिल्या टॅबमध्ये एका काकूंचा अर्ज उघडला, नोंद झाली काकूंच्या अर्जाची. दुसऱ्या टॅबमध्ये एका आजोबांचा उघडला, नोंद बदलली. आता पहिल्या टॅबमध्ये जाऊन "पुढे" दाबलं तर सर्व्हर समजतो की आजोबांच्या अर्जाचं पुढचं पान हवंय. पाच-सहा पानांच्या लांबलचक अर्जांत हे जास्त होतं, कारण प्रत्येक "पुढे" म्हणजे गोंधळाची नवी संधी.

अशा ठिकाणी एका लॉगिनमध्ये एकाच वेळी एकच अर्ज, याला पर्याय नाही. वेगळ्या ब्राउझरमधून त्याच आयडीने परत लॉगिन करावं म्हटलं, तर काही पोर्टलं एका आयडीला एकाच ठिकाणी आत येऊ देतात आणि आधीचं लॉगिन तोडतात. नेटबँकिंगमध्ये तुम्ही हे पाहिलं असेल. तिथे ते मुद्दाम केलेलं असतं, आणि बरोबरच आहे.

खिसे वेगळे करायचे कसे?

कॉम्प्युटरवर सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे ब्राउझर प्रोफाईल. क्रोममध्ये उजवीकडे वर गोल चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून नवीन प्रोफाईल जोडता येतं. एजमध्येही अशीच सोय आहे. प्रत्येक प्रोफाईलच्या कुकी वेगळ्या, सेव्ह केलेले पासवर्ड वेगळे, हिस्टरी वेगळी. गुगल खात्याने साइन इन करायची सक्तीही नाही, खात्याशिवाय प्रोफाईल बनतं. सेवा केंद्रवाल्यांनी "काउंटर 1", "काउंटर 2", "काउंटर 3" अशी तीन प्रोफाईल बनवून प्रत्येकाला वेगळा रंग दिला, तर विंडोच्या रंगावरूनच कळतं की कोणाचं काम कुठे चालू आहे. या प्रोफाईलमध्ये पासवर्ड सेव्ह करण्याचा पर्याय मात्र बंद ठेवा. नाहीतर आजच्या ग्राहकाचा पासवर्ड उद्याच्या ग्राहकासमोर आपोआप उमटेल.

इनकॉग्निटो विंडो हा दुसरा उपाय, आणि इथेच सर्वात जास्त लोक फसतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबलं की काळी विंडो उघडते. साध्या विंडोपेक्षा तिचा खिसा वेगळा, हे खरं. पण आणखी एक इनकॉग्निटो विंडो उघडली तर? ती आणि पहिली काळी विंडो यांचा खिसा एकच! चार काळ्या विंडो उघडून चार जणांची लॉगिन करणारा माणूस परत मूळ घोळातच येऊन पडतो. साधी विंडो अधिक इनकॉग्निटो म्हणजे दोनच माणसं, तिसरं नाही. शिवाय शेवटची काळी विंडो बंद होईपर्यंत तो खिसा रिकामा होत नाही. एक जरी कोपऱ्यात मिनिमाइज होऊन राहिली तरी लॉगिन जिवंत असतं. फायरफॉक्सच्या प्रायव्हेट विंडोही आपसात खिसा वाटून घेतात. ॲपलच्या सफारीत मात्र प्रायव्हेट मोडमधला प्रत्येक टॅब वेगळा धरला जातो.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी मोझिलाचं मल्टी-अकाउंट कंटेनर्स नावाचं एक्स्टेन्शन आहे, 2017 पासून. त्यात एकाच विंडोत वेगवेगळ्या रंगांचे टॅब उघडतात आणि प्रत्येक रंगाचा खिसा वेगळा असतो. एका वेळी चार-पाच खाती सांभाळणाऱ्यांना याच्याइतकी सोयीची गोष्ट मला दुसरी दिसलेली नाही. आपल्याकडे ती फारशी कुणी वापरत का नाही, देव जाणे.

काहीच जमत नसेल तर सरळ दोन ब्राउझर वापरा. एक माणूस क्रोममध्ये, दुसरा फायरफॉक्समध्ये. क्रोमचा खिसा फायरफॉक्सला दिसत नाही.

आणि शंका आली तर? अर्ज भरत असलेलं पान रिफ्रेश करू नका, भरलेली माहिती उडेल. त्याच विंडोत एक नवीन टॅब उघडून त्याच पोर्टलचं मुख्य पान किंवा "माय प्रोफाईल" उघडा. हे पान आत्ता सर्व्हरकडून आलेलं असल्याने त्यावर दिसणारं नाव खिशातल्या बिल्ल्याचं असतं. नाव बरोबर असेल तर मागच्या टॅबमध्ये जाऊन निवांत सेव्ह करा. नसेल तर सेव्ह दाबू नका.

घरात फोन एकच असेल तर

सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा आधी महिलेच्या आधारवर ओटीपी आणि मग पती किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा ओटीपी, अशी पद्धत होती. आता घरात दोन-तीन बहिणी-जावा आणि स्मार्टफोन एक, हे चित्र आपल्याकडे नवीन नाही. एकीचा दुसरा ओटीपी शेतात गेलेल्या नवऱ्याच्या फोनवर आला की तो फोन उचलेपर्यंत दुसरीचं सुरू करायचा मोह होतोच.

फोनच्या ब्राउझरलाही हाच नियम लागू आहे. वेगळे टॅब, पण खिसा एक. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये कॉम्प्युटरसारखी वेगवेगळी प्रोफाईल उघडून काम करता येत नाही. त्यामुळे एकीचं पूर्ण होऊन "यशस्वी" असा संदेश येईपर्यंत दुसरीचं उघडू नका. फारच घाई असेल तर दुसरीसाठी फोनमधला वेगळा ब्राउझर वापरा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर टॅप केलं की ती बहुतेक वेळा फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडते, म्हणजे त्याच खिशात, हेही लक्षात असू द्या.

इन्स्टा आणि जीमेलवर हे का होत नाही?

होतं, फक्त वेगळ्या रूपात. मोठ्या कंपन्यांनी एका खिशात अनेक बिल्ले ठेवण्याची सोय करून घेतली आहे. जीमेलमध्ये तीन खाती उघडली की पत्त्याच्या पट्टीत यू च्या पुढे 0, 1, 2 असा आकडा दिसतो. कोणत्या टॅबमध्ये कोणतं खातं हे त्या आकड्यावरून ठरतं, त्यामुळे दोन टॅबमध्ये दोन खाती गुण्यागोविंदाने चालतात. पण गुगल ड्राइव्हची किंवा गुगल फॉर्मची लिंक बाहेरून आली की तिच्यात तो आकडा नसतो. मग गुगल ती पहिल्या, म्हणजे डीफॉल्ट, खात्यात उघडतं. ऑफिसची फाइल उघडताना "परवानगी नाही" असं येण्याचं आणि कॉलेजचा फॉर्म भलत्याच ईमेलवरून जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

एखाद्या पेजचं हँडल सांभाळणाऱ्यांनी त्या पेजसाठी वेगळं प्रोफाईल ठेवावंच. मित्राच्या पोस्टवर टाकायची थट्टेची कमेंट पेजच्या नावाने गेली, तर स्क्रीनशॉट निघायला डिलीट करण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

"सेशन एक्सपायर्ड" ला शिव्या घालण्याआधी

आता थोडं वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी. वापरणाऱ्यांनीही वाचा, कारण चांगलं पोर्टल कसं ओळखायचं ते यातून कळतं.

सर्वात महत्त्वाचा बचाव म्हणजे प्रत्येक फॉर्ममध्ये लपवलेला एक गुप्त आकडा. तो त्या सेशनपुरताच खरा असतो. मुलीच्या लॉगिनमध्ये उघडलेल्या फॉर्ममध्ये तिच्या सेशनचा आकडा असतो. तो फॉर्म मुलाच्या बिल्ल्यासोबत गेला की आकडा आणि बिल्ला जुळत नाहीत आणि सर्व्हर विनंती फेकून देतो. हा आकडा मुळात वेगळ्या कारणासाठी आला. दुसऱ्या एखाद्या लबाड साइटने तुमच्या नावाने परस्पर फॉर्म पाठवू नये, म्हणून. पण दोन विंडोंच्या गोंधळातही तोच वाचवतो. ऐन सबमिटच्या वेळी येणारा "सेशन एक्सपायर्ड" चा संदेश डोक्यात जातो हे मान्य, पण कधीकधी त्याने तुमचा दाखला दुसऱ्याच्या अर्जात जाण्यापासून वाचवलेला असतो.

दुसरी गोष्ट, जुन्या विंडोला खबर देणं. एका टॅबमध्ये लॉगिन बदललं की त्याच साइटच्या बाकी टॅबना ते कळवण्याची सोय ब्राउझरमध्ये आहे. गिटहबसारख्या साइटवर "तुम्ही दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन केलंय, पान रिलोड करा" अशा अर्थाची पट्टी लगेच वर येते. सरकारी पोर्टलांवर एवढं जरी झालं तरी कितीतरी अर्ज परत येण्यापासून वाचतील. हे काम फार मोठं नाही, चार-सहा ओळींच्या कोडचं आहे.

तिसरी, अर्जाचा क्रमांक सेशनमध्ये न ठेवता पानाच्या पत्त्यात किंवा फॉर्ममध्येच ठेवायचा आणि प्रत्येक वेळी तपासायचं की हा अर्ज याच लॉगिनचा आहे का. तपासणी विसरलात तर आकडा बदलून कुणीही कुणाचाही अर्ज उघडेल, म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर.

खरोखरच प्रत्येक टॅबला वेगळं लॉगिन द्यायचं असेल तर ब्राउझरमध्ये सेशन स्टोरेज नावाची जागा असते, तिचा खिसा प्रत्येक टॅबचा स्वतंत्र असतो. पण तिथे ठेवलेला बिल्ला पानावरचा कुठलाही कोड वाचू शकतो, कुकीला मात्र तसं न वाचण्याचं कुलूप लावता येतं. शिवाय टॅब "डुप्लिकेट" केला की त्या जागेची नक्कलही सोबत जाते. त्यामुळे सोय वाढते तशी जोखीमही.

मोठ्यांचंही चुकतं

कधीकधी चूक वापरणाऱ्याच्या विंडोत नसतेच. फेसबुकवर "व्ह्यू ॲज" नावाची सोय होती, आपलं प्रोफाईल दुसऱ्याला कसं दिसतं ते पाहण्यासाठी. तिच्यातल्या चुकांमुळे ज्याच्या नजरेने प्रोफाईल बघायचं, त्याच व्यक्तीचा बिल्ला बघणाऱ्याच्या हातात पडत होता. सप्टेंबर 2018 मध्ये फेसबुकने हे जाहीर केलं. आधी 5 कोटी खात्यांचा अंदाज होता, नंतर तो सुमारे 3 कोटींवर आला. खबरदारी म्हणून जवळपास 9 कोटी लोकांना लॉगआऊट केलं गेलं. 20 मार्च 2023 ला चॅटजीपीटीवर काही लोकांना दुसऱ्यांच्या गप्पांची शीर्षकं दिसू लागली, तेही सर्व्हरकडच्या अशाच मिसळीमुळे.

बिल्ला चोरीलाही जातो. मार्च 2023 मध्येच लायनस टेक टिप्स हे मोठं यूट्यूब चॅनल हॅकरनी ताब्यात घेतलं होतं. पासवर्ड फोडून नाही, तर कॉम्प्युटरमध्ये शिरलेल्या घातक फाइलने ब्राउझरमधला सेशनचा बिल्लाच उचलून. ओटीपी लावलेला असूनही तो मागितलाच जात नाही, कारण चोराकडे तयार बिल्ला असतो. म्हणून सेवा केंद्रावरून उठताना "लॉगआऊट केलं का?" हे विचारायला संकोच करू नका. विंडो बंद करणं म्हणजे लॉगआऊट नाही. "जिथे सोडलं तिथून सुरू करा" ही सेटिंग चालू असेल तर क्रोम परत उघडल्यावर लॉगिनही परत उघडतं.

अर्ज आधीच मिसळला असेल तर काय करायचं?

सबमिट झाल्यावर मिळणारी पीडीएफ तिथेच उघडून बघा. नाव, आधारचे शेवटचे चार अंक, बँकेचा तपशील आणि प्रत्येक जोडलेला दाखला उघडून तपासा. दाखल्याच्या नुसत्या फाइलच्या नावावर जाऊ नका. काही चुकलेलं दिसलं तर अर्जाचा क्रमांक लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा आणि नव्याने दुसरा अर्ज भरायची घाई करू नका, एकाच व्यक्तीचे दोन अर्ज हे आणखी एक त्रांगडं होऊन बसतं. शिष्यवृत्तीचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनवर छाननीला जातो. त्याच दिवशी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवायची लेखी विनंती करा. आणि ज्याच्या अर्जात तुमचा दाखला गेला, त्यालाही सेवा केंद्रवाल्याकडून निरोप द्या. त्याचा अर्जही तितकाच अडकलेला असतो, आणि त्याला ते बहुधा अजून माहीतही नसतं.